रविवारचं शब्दकोडं ग्रुपमध्ये सोडवता का कुणी? एक अडचण आलीये

रविवारची_पेन्सिल

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटासाच आहे पण मागचं सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून जरा लांबण लावते.

आम्ही सात जण दर रविवारी एका पेपरच्या पुरवणीतलं बक्षिसाचं शब्दकोडं मिळून सोडवतो. सुरुवात २०२० च्या एप्रिलमधली, तेव्हा पेपर घरी यायचेच बंद झाले होते आणि माझ्या मावसभावानं ई-पेपर बघून ती चौकट गूगल शीटमध्ये उतरवली आणि लिंक टाकली, की ज्याला वेळ असेल त्यानं यावं. वेळ तर तेव्हा सगळ्यांनाच होता. पेपर परत सुरू झाले पण शीट काही बंद झाली नाही. मी नाशिकची, भाऊ पुण्यात, त्याचा ऑफिसातला मित्र अकोल्याचा, त्या मित्राच्या ओळखीच्या भुसावळच्या एक काकू (शाळेत मराठी शिकवायच्या, आता रिटायर), मडगावची माझी कॉलेजची मैत्रीण, आणि सॅन होजेचं एक जोडपं. त्यांच्याकडे उन्हाळ्यात शनिवारी रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात तेव्हा आमचे रविवार सकाळचे नऊ, म्हणजे त्यांची जेवणं आटपलेली आणि आमचे पोहे गॅसवर.

शीट उघडली की प्रत्येकाच्या कर्सरची चौकट वेगळ्या रंगात दिसते. काकूंची हिरवी चौकट कधीकधी १४ आडव्यावर दहा दहा मिनिटं नुसती बसून असते, काही टाइप होत नाही, आणि आम्हाला सगळ्यांना कळतं की काकूंच्या अगदी ओठावर आलंय, मग कुणी त्या ओळीला हात लावत नाही, आणि एकदम तीन घरं पटापट भरतात आणि व्हॉट्सॅपवर एकच शब्द येतो, "पेटली." (ट्यूब पेटली असं पूर्ण आमच्यात कुणी लिहीत नाही.)

एकेकाचं एकेक राज्य आहे. "कापसाचं झाड (३)" आलं तेव्हा आम्ही नाशिक-पुणेवाले डोकं खाजवत बसलो आणि अकोल्यानं पऱ्हाटी लिहून टाकलं, आणि मग तो ऱ्हा एका घरात कसा टाइप करायचा यावरच पाच मिनिटं गेली. "आंब्याची जात (५)" ला मी मलगोबा, केसर, तोतापुरी सगळं घालून बघितलं, एकही बसेना, मडगावची उठायच्या आधी कुणाला सुचलं नाही आणि तिनं डोळे चोळत मानकुराद भरलं. "डांगर" वर तर भांडणच झालं. काकूंच्या खानदेशात डांगर म्हणजे लाल भोपळा, माझ्या सासरी डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचं तोंडीलावणं, आणि कोड्यात भोपळाच होता. त्या दिवशी दुपारी काकूंनी डांगराच्या घाऱ्यांचा फोटो पाठवला, मी दह्यातल्या डांगराचा.

आता अडचण. दोनेक महिन्यांपूर्वी भावाच्या सोसायटीतले एक काका ग्रुपमध्ये आले. वय सत्तरच्या जवळ, एकटे असतात, चाळीस वर्षं रोज शब्दकोडी सोडवतायत, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. माणूस अतिशय गोड. पण नऊ वाजता शीट उघडते आणि नऊ वाजून बारा मिनिटांनी अख्खी चौकट भरलेली असते, खाली करड्या घरांतल्या अक्षरांवरून जो शेवटचा शब्द शोधायचा असतो तो पण लिहिलेला, आणि ग्रुपवर "झाले बरं का 🙏". त्यांना वाटतं आपण मदत केली. मनापासून वाटतं, मला माहितीये.

गेल्या दोन रविवारी भुसावळच्या काकू आल्या नाहीत. घरी पाहुणे आहेत म्हणाल्या. अकोला पण उशिरा येतो, नुसता अंगठा टाकून जातो. ही शीट माझ्यासाठी काय आहे ते शब्दांत सांगता येणार नाही, माझी आई गेली त्या रविवारी सकाळी मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून हीच शीट उघडून नुसती ते रंगीत चौकोन हलताना बघत होते.

तर काकांना न दुखावता कसं सांगू? तुमच्यापैकी कुणी असं ग्रुपनं सोडवत असेल तर तुमच्याकडे काय पद्धत आहे?

---

उभा_आडवा

आमच्या ऑफिसात लंच टाइमला सोडवतो आम्ही चौघं, कागदावर. साधा नियम, एका माणसानं एका वेळी एकच शब्द भरायचा आणि पेन पुढच्याला द्यायचं. अडला तर पास म्हणायचं. तुमच्या शीटमध्ये पण करता येईल, पाळी लावा. कुणाला वेगळं काही सांगायला नको, नियम सगळ्यांना सारखा.

---

फोर्टचा_वकील

ताई, तुमच्या मूळ प्रश्नाच्या आधी एक विचारू का, उत्तरं किती पाठवता? सात जणांनी मिळून सोडवायचं आणि सात नावांनी सात प्रवेशिका, असं असेल तर माझ्या मते ते बरोबर नाही, सोडत असते ना शेवटी, घरात बसून एकट्यानं झगडून सोडवणाऱ्या माणसाची संधी तेवढी कमी होते.

हे मी उगीच काढत नाहीये, शब्दकोड्यांच्या स्पर्धांवर आपल्याकडे सुप्रीम कोर्टापर्यंत खटले गेलेत आणि त्याचं मूळ आपल्या मुंबई राज्यातच आहे. चमारबागवाला नावाच्या गृहस्थांच्या आर.एम.डी.सी. नावाच्या स्पर्धा, १९५० च्या आसपास लोक त्यांची कुपनं फी भरून ढिगानं पाठवायचे. दिसायला शब्दकोडं, पण सूत्र असं द्यायचे की दोन शब्द सारखेच बसतील, आणि बरोबर कुठला ते संपादकानं आधीच ठरवून बंद पाकिटात ठेवलेलं. म्हणजे तुम्हाला शब्द किती येतात याचा काही संबंध नाही, पाकिटातल्याशी जुळलं तर जुळलं. मुंबई सरकारनं कर लावला, मग १९५५ मध्ये केंद्राचा प्राइझ कॉम्पिटिशन्स कायदा आला, महिन्याला १००० रुपयांपेक्षा जास्त बक्षीस नाही आणि २००० पेक्षा जास्त प्रवेशिका नाहीत, आणि १९५७ च्या निकालात कोर्टानं सांगितलं की जिथे खरंखुरं कौशल्य लागतं त्या स्पर्धा वेगळ्या आणि जिथे नशीबच आहे तो जुगार. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद आज ऑनलाइन गेम्सच्या खटल्यांत चालतो तेव्हा हेच निकाल काढून वाचतात. मी लॉ कॉलेजात असताना हा निकाल वाचला तेव्हापासून मला शब्दकोड्याबद्दल एक वेगळाच आदर आहे, चौकटीतल्या एका अक्षरावरून केवढं रामायण झालं.

काकांबद्दल: सरळ फोन करा. मेसेज नको, मेसेजमध्ये चांगलं पण कडू वाटतं.

---

रविवारची_पेन्सिल

वकीलसाहेब, एकच पाठवतो हो. दर आठवड्याला एकाचं नाव, क्रमानं. दोनदा लागलंय, एकदा अकोल्याच्या नावावर आणि एकदा माझ्या, पुस्तकांचं कूपन होतं, माझ्या कुपनाचा शब्दकोश घेतला आणि तो फिरतो, आता सध्या भावाकडे आहे. बाकी तुम्ही सांगितलं ते मला अजिबात माहीत नव्हतं, ग्रुपवर टाकते आजच.

उभा आडवा, पाळीची कल्पना चांगली आहे पण आमच्यात कुणी मधेच पोरांना आंघोळ घालायला उठतं, कुणाचा गॅस चालू असतो. पाळी लावली तर तासाला चार शब्द होतील.

---

एडिसनची_माई

मी न्यू जर्सीला असते, मराठी कोडं कमी आणि इंग्रजीच जास्त सोडवते पण तुमचा प्रश्न जसाच्या तसा ओळखीचा वाटला म्हणून लिहितेय.

इकडे मेटा म्हणून एक प्रकार आहे. आधी नेहमीसारखी चौकट भरायची, आणि ती भरून झाली की खरं कोडं सुरू होतं, त्या भरलेल्या चौकटीत कुठेतरी एक उत्तर लपवलेलं असतं आणि ते कसं शोधायचं हे कुणी सांगत नाही. तुमच्या करड्या घरांचंच जरा वाढलेलं रूप म्हणा. मॅट गॅफनी म्हणून एक कोडीकार २००८ पासून दर शुक्रवारी असं एक देतात, उत्तर मंगळवारी दुपारपर्यंत, आणि महिन्याचा पहिला शुक्रवार सोपा, मग दर आठवड्याला अवघड होत जातं, चौथ्या-पाचव्याला तर भलेभले बसतात. वॉल स्ट्रीट जर्नलचं पण शुक्रवारचं २०१५ ला सुरू झालं, बरोबर उत्तरांतून चिठ्ठी काढायची आणि बक्षीस काय तर पेपरचं नाव असलेला कॉफीचा मग. एवढ्याशा मगासाठी लोक शनिवार-रविवार घालवतात!

आम्ही पाच जणी आहोत. आमच्याकडे ज्या बाईला आधी सुटतं तिचं काम तिथून सुरू होतं. तिनं उत्तर बोलायचं नाही, तिनं बाकीच्यांना ढकलायचं, आणि तेही पायरीपायरीनं. पहिल्या दिवशी एवढंच की "बघत्येस ते बरोबर ठिकाणी बघत्येस." दुसऱ्या दिवशी "लांब शब्द सोड, छोटे बघ." मागणाऱ्यानं मागितल्याशिवाय द्यायचं नाही आणि सगळ्यांसमोर नाही, एकटीला मेसेज करायचा. आणि मुदत संपेपर्यंत उत्तर कुठेही लिहायचं नाही, गमतीत पण नाही.

हे सोपं नाहीये बरं का. चांगला इशारा द्यायला कोडं सोडवण्यापेक्षा जास्त डोकं लागतं, कारण समोरची कुठे अडलीये ते तिच्या बाजूनं बघावं लागतं. मला एकदा आमच्यातल्या एकीनं शनिवारी रात्री अकराला नुसतं लिहिलं, "मोठ्यानं वाच." मी स्वयंपाकघरात उभी राहून ते पाचही शब्द मोठ्यानं वाचले आणि चौथ्याला अंगावर काटा आला. तिनं उत्तर सांगितलं असतं तर मी विसरून गेले असते. तो इशारा मला चार वर्षांनी पण आठवतोय.

तुमच्या काकांना हे काम द्या. त्यांच्याइतकं ते कुणाला जमणार नाही.

---

करडं_घर

ताई, मी तुमचा काका आहे असं समजा. म्हणजे तो नव्हे, पण मीही त्यातलाच, एकसष्ट पूर्ण, पस्तीस वर्षं कोडी सोडवली आणि ती सगळी एकट्यानं. त्यांच्या बाजूनं दोन शब्द लिहितो.

जो माणूस वर्षानुवर्षं एकटा सोडवतो त्याला थांबायची सवयच नसते. "सूर्य (२)" दिसलं की रवी, भानू, मित्र, अर्क ही चारी एकदम डोळ्यापुढे येतात आणि हात थांबत नाही. "हत्ती (३)" म्हटलं की कुंजर, वारण, मतंग, आता उभ्यातलं पहिलं अक्षर आलं की झालं. घरात कुणाला दाखवायला जावं तर "हं, छान" एवढंच. त्यामुळे पहिल्यांदा कुणीतरी बघणारं मिळालं की भरून दाखवावंसं वाटतं, त्यात मोठेपणा नसतो हो, भुकेला माणूस पंगतीला बसला की पटपट जेवतो तसं आहे ते.

मला माझ्या भाचीनं यातून बाहेर काढलं. म्हणाली, मामा, तुम्ही सोडवू नका, तुम्ही रचा. आणि तेव्हा कळलं आपल्याला काय येत नव्हतं ते. इंग्रजीत घरात एक लेटर बसतं, सव्वीसच आहेत. आपल्याकडे घरात अख्खं अक्षर बसतं, म्हणजे क वेगळा, का वेगळा, कि आणि की वेगळे, क्या वेगळा. आडव्यात "की" आलं तर उभ्यातही "की"च पाहिजे, "कि" चालणार नाही. म्हणून मराठी चौकट रचताना दोन शब्द एकमेकांतून काढणं फार कठीण, काळी घरं जास्त लागतात, आणि शब्द संपतात. एका ७ बाय ७ च्या चौकटीला मला पहिल्यांदा अकरा दिवस लागले. वहीची शेवटची पानं अजून ठेवलीत, खोडून खोडून कागद फाटलाय एके ठिकाणी, "ज्ञा" ज्या घरात होता तिथे.

पण मजाही तिथेच. अक्षरांशी खेळून तिरकं सूत्र देता येतं. माझं पहिलंवहिलं सांगतो, "रोज येतो, पण आधी स आला तर चिखलात फुलतो (३)." सरोज. साधंच आहे, पण भाचीला सुटलं तेव्हा ती जी हसली ना, तेवढं सुख मला पस्तीस वर्षांत भरलेल्या एकाही चौकटीनं दिलं नव्हतं.

काकांना म्हणा, पेपरचं कोडं आम्ही सोडवतो, तुम्ही आम्हाला दर रविवारी स्वतःचं एक सूत्र द्या. एकच. बघा काय होतं ते. आणि भुसावळच्या काकूंना पण फोन करा, त्यांना आधी.

---

उभा_आडवा

करडं घर, तुमच्या चौकटी इथे टाका ना. आम्ही चौघं लंचला सोडवू.

---

रविवारची_पेन्सिल

तीन आठवड्यांनी येतेय, उशीर झाला त्याबद्दल माफी.

आधी काकूंना फोन केला, करडं घर यांनी सांगितलं तसं. पाहुणे नव्हतेच. काकू म्हणाल्या, "अगं, त्यांचं बरोबरच आहे, त्यांना येतं ते भरतात. पण मी सकाळी लवकर उठून आंघोळ, पूजा उरकून नऊला येऊन बसायचे, आणि आले की भरलेलं. परीक्षेला जावं आणि पेपर कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला असावा तसं वाटायचं." पंचवीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकून मला पुढे बोलवेना.

मग काकांना फोन. मी सगळं पाठ करून बसले होते काय बोलायचं ते, त्यातलं काहीच बोलले नाही. एवढंच म्हटलं की काका, आम्हाला तुमच्याकडून कोडं पाहिजे, सोडवलेलं नको, रचलेलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "मी फार घाई करत होतो का?" मी म्हटलं हो. म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." पाच मिनिटांचा फोन, आणि मी महिनाभर घाबरत होते त्याला.

पहिल्या रविवारी नऊला त्यांचं सूत्र आलं ग्रुपवर:

"नऊ जणांना पाणी मिळालं, पुढून वाचा की मागून, पुन्हा जगणं आलं (५)"

आम्ही आधी पेपरचं सोडवलं, तास गेला, मग याच्या मागे लागलो. मला नऊ म्हणजे नव एवढं कळलं. पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय, सलिल सगळं लावून झालं. सॅन होजेवाले झोपायला निघाले होते ते परत येऊन बसले, तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले. काका मधे मधे इशारे देत होते, पण एकेकाला वेगळा. मला लिहिलं, "तीन अक्षरी पाणी शोध." अकोल्याला लिहिलं, "मागून वाचायचं ते अक्षरानं, कान्या-मात्र्यानं नव्हे."

काकूंनी मेसेज केलाच नाही, मला फोनच केला. त्यांचे मिस्टर रेल्वेत होते भुसावळला, अहमदाबादहून चेन्नईला जाणारी गाडी तिथून जाते, पाच अक्षरी, त्यांना आधी गाडीच आठवली. "मग बघितलं तर जीवन म्हणजे पाणी गं, आणि मग उलटं लिहून बघितलं, न, व, जी, व, न. तसंच राहतंय! आयुष्यभर त्या गाडीची पाटी बघितली मी, कधी उलटी वाचली नाही." त्यांचा आवाज चढला होता, मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि त्या उठत नव्हत्या. मी म्हटलं काकू, ग्रुपवर उत्तर नका टाकू हं अजून. त्या म्हणाल्या, मला शिकवतेस? आणि ग्रुपवर फक्त "पेटली" आलं. काकांनी लगेच त्यांना नमस्कार पाठवला.

दुपारपर्यंत सगळ्यांची पेटली, मडगावची सर्वात शेवटी, चार वाजता, कारण तिनं इशारा नको म्हणून सांगितलं होतं.

एडिसनच्या माई, तुमचं ते "मोठ्यानं वाच" मी काकांना वाचून दाखवलं. आता ते वहीत इशाऱ्यांचं वेगळं पान ठेवतात, कुणाला काय सांगितलं ते लिहून. आणि शीटवर येतात नऊला, त्यांची चौकट जांभळी असते, कोपऱ्यात रिकाम्या घरावर बसलेली असते, भरत नाहीत काही.

या रविवारचं त्यांचं सूत्र त्यांच्या परवानगीनं इथे देतेय. ग्रुपमध्ये सगळ्यांना सुटलंय, तुम्ही बघा:

"तयार आणि तळ्यातलं (३)"

उत्तर इथे कुणी लिहू नका कृपया.

---

उभा_आडवा

इशारा मिळेल का एक? लंच संपत आलाय.

---

रविवारची_पेन्सिल

"आणि" ला आपण दुसरं काय म्हणतो? एकाच अक्षरात.

---

फोर्टचा_वकील

पेटली.